क्लबहाउसमधील नॅट विमान : छताला टांगावे की जमिनीवर उभे ठेवावे?

बी-५०३ : सर्व सभासदांना नमस्कार. १६ डिसेंबरच्या विजय दिनासाठी मी बनवत असलेले नॅट या छोट्या लढाऊ विमानाचे मॉडेल क्लबहाउसमध्ये कसे मांडावे, याबद्दल कार्यकारिणीने सूचना मागवल्या होत्या. बहुतेकांनी ते तंगुसाने छताला टांगावे, म्हणजे उडत असल्यासारखे दिसेल, असे कळवले आहे. सूचना आपुलकीने केलेली आहे, हे मी जाणतो. तरी ती मला मान्य करता येत नाही आणि त्यामागचे कारण सविस्तर सांगणे आवश्यक वाटते. माझे वडील हवाई दलात होते, पण वैमानिक नव्हते. ते एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल-दुरुस्ती करणारे कारागीर होते आणि १९७१ साली २२ क्रमांकाच्या स्क्वाड्रनबरोबर कलकत्त्याच्या डमडम तळावर होते. विमान गेले की ते परत येईपर्यंत हाताला काम नसे आणि तोच वेळ सर्वांत जड जाई, एवढेच ते त्या दिवसांविषयी पुन्हा पुन्हा सांगत. त्यांच्या आठवणीसाठी बनवलेले विमान हवेत असेल, तर त्या चित्रात ते स्वतः कुठेच राहत नाहीत.

ए-२०२ : आपल्या भावनेचा आदर आहे. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, म्हणून विचारतो. २२ नोव्हेंबरची बोयराची लढाई याच स्क्वाड्रनने लढली होती ना? मुलांना ती सांगायची तर विमान झेपावताना दाखवणे अधिक परिणामकारक ठरेल, असे मला वाटते.

बी-५०३ : होय सर, तीच स्क्वाड्रन. युद्ध अधिकृतपणे ३ डिसेंबरला सुरू झाले, त्याच्या अकरा दिवस आधीची ही घटना आहे. पूर्व पाकिस्तानच्या सीमेजवळ बोयरा भागात पाकिस्तानी सेबर विमाने त्या दिवशी सकाळपासून येऊन हल्ले करत होती, आणि पहिल्या दोन्ही वेळी आपली विमाने तिथे पोहोचेपर्यंत ती निघून गेली होती. दुपारी तीनच्या सुमारास ती तिसऱ्यांदा आली, तेव्हा डमडमहून चार नॅट उडाले. मॅसी, गणपती, लाझारस आणि सोआरेस हे त्यांचे वैमानिक. दोन सेबर पडली, तिसरे जायबंदी होऊन कसेबसे परतले आणि आपली चारही विमाने सुखरूप उतरली. हवाई छत्रीने उतरलेले दोन पाकिस्तानी वैमानिक कैद झाले. त्यांतले परवेझ मेहदी कुरेशी पुढे त्यांच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. मॅसी, गणपती आणि लाझारस यांना वीरचक्र मिळाले आणि ते त्यांच्या हक्काचेच होते.

मला मुलांना यातला वेगळा भाग सांगायचा आहे. सकाळपासून दोनदा हुलकावणी मिळाल्यावर तिसऱ्या वेळी विमाने तितक्याच तत्परतेने सज्ज असावी लागतात. प्रत्येक उड्डाणानंतर इंधन भरायचे, चाके, ब्रेक आणि हायड्रॉलिकच्या नळ्या तपासायच्या, दोन्ही ३० मिलिमीटरच्या तोफा पाहायच्या, आणि हे सगळे पुढची हाक केव्हा येईल याचा अंदाज नसताना करायचे. ही माणसे कुठल्याही चित्रात येत नाहीत.

सी-१०४ : दादा, मीही हौसेने मॉडेल बनवतो, म्हणून दोन प्रश्न विचारतो. आपण कोणत्या प्रमाणात बनवत आहात? आणि संच कोणता घेतला? दुकानांत सहज मिळतो तो दोन आसनांचा लाल नॅट असतो.

बी-५०३ : प्रमाण १/४८ आहे. मूळ विमान सुमारे पावणेनऊ मीटर लांब आणि पावणेसात मीटर पंखविस्ताराचे, म्हणजे आपल्या क्लबहाउसमधली टेबल टेनिसची अडीच टेबले टोकाला टोक लावून ठेवली तर जेवढी होतील, जवळजवळ तेवढाच त्याच्या पंखांचा पसारा. मॉडेल अठरा सेंटिमीटर लांबीचे होईल. संचाबाबत माझीही सुरुवातीला चूक झाली. मी आणला तो ब्रिटनच्या रेड ॲरोज या हवाई कसरतींच्या चमूचा प्रशिक्षणाचा नॅट निघाला. तो जवळजवळ एक मीटरने अधिक लांब असतो, त्याचे पंखही मोठे असतात, त्यामुळे पुढचा भाग कापून त्याचे एका आसनाचे लढाऊ विमान करता येत नाही. नंतर योग्य संच मागवला. लाल संच तसाच बंद आहे. आपल्या मुलाला हवा असेल तर संध्याकाळी घेऊन जावा.

टांगण्याला माझा विरोध का आहे, त्याचे खरे कारण चाकांत आहे. नॅटची चाके उड्डाणानंतर धडात ओढली जातात, आणि हवेत वेग कमी करायचा असेल तेव्हा तीच अर्धवट खाली सोडून ब्रेकसारखी वापरली जातात. साहजिकच तिथल्या दारांवर, बिजागरांवर आणि नळ्यांवर मोठा ताण येतो. बाबांचा दिवस याच जागेत, पाठीवर पडून, जात असे. उडते विमान दाखवायचे तर चाके आत आणि दारे बंद ठेवावी लागतील. म्हणजे त्यांनी वर्षानुवर्षे हात घातले तीच पोकळी मला गोंद लावून कायमची मिटवावी लागेल. गेले तीन आठवडे मी फक्त तिच्यावर काम करतो आहे. जुन्या टेलिफोनच्या केबलमधून केसाएवढ्या तांब्याच्या तारा काढल्या आणि त्यांच्या नळ्या केल्या. संचातली दारे फार जाड होती, ती कागदाएवढी होईपर्यंत घासली.

ए-३०६ : आपला संदेश वाचून माझ्या वडिलांची आठवण झाली. ते सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन विभागात होते आणि त्यांनाही कोणी कधी काही विचारले नाही. विमान जमिनीवरच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र शेजारच्या माहितीफलकावर वैमानिकांची नावे अवश्य द्यावीत; त्यांना वगळणे योग्य होणार नाही.

बी-५०३ : ताई, नावे नक्की देऊ, आणि तीही सर्वांत वर. श्रीनगरच्या आकाशात १४ डिसेंबर १९७१ रोजी नॅट उडवताना हुतात्मा झालेले निर्मलजीत सिंग सेखों यांचेही नाव असेल. हवाई दलाचे परमवीरचक्र आजवर त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. त्याखाली ‘आणि विमाने सज्ज ठेवणारे सर्व एअरमन’ एवढी एक ओळ पुरेशी होईल.

ए-२०२ : चाकांविषयी मला काहीच माहीत नव्हते. मी माझी सूचना मागे घेतो. फलकाचे शुद्धलेखन तपासण्याचे काम माझ्याकडे द्यावे.

सचिव : सर्वांचे आभार. व्यवहाराच्या दृष्टीनेही टांगणे सोयीचे नव्हते, कारण त्या खोलीत मुले चेंडू खेळतात. वाचनालयाशेजारच्या काचेच्या कपाटाचा मधला खण रिकामा करून देत आहोत. त्यात दिवा आहे, पण तो वरून पडतो. विमानाच्या पोटाखाली अंधार राहील. त्यावर काही उपाय करता येईल का?

बी-५०३ : खणाच्या तळाशी एक आरसा ठेवावा. तो मी आणतो. वरचा उजेड परतून पोटाखाली जाईल आणि लहान मुलांना वाकावेही लागणार नाही. आणखी एक विनंती आहे. बाबांनी निवृत्तीनंतर घरी प्लायवूडची एक पाटी केली होती. तीवर प्रत्येक हत्याराची आकृती काळ्या रंगाने काढलेली आहे आणि प्रत्येक हत्यार आपापल्या आकृतीवर टांगलेले असते. एखादा पाना विमानात विसरला तर तो नियंत्रणाच्या दांड्यांत अडकून वैमानिकाचा जीव जाऊ शकतो, म्हणून काम संपल्यावर हत्यारे मोजल्याशिवाय जागा सोडायची नाही, ही त्यांची शिस्त होती. घरातला नळ दुरुस्त केला तरी ते पाटीपुढे उभे राहून मोजत. ही पाटी कपाटाशेजारच्या भिंतीवर लावता येईल का?

सचिव : अवश्य. रविवारी सकाळी सुतार येणार आहेत, त्यांच्याकडून दोन खिळे मारून घेऊ. पाटी त्याच दिवशी आणावी.

बी-५०३ : आणतो. बारीक टोकाच्या पक्कडीची आकृती मात्र तेव्हा रिकामी दिसेल, ती हरवली असे कोणी समजू नये. लॉकिंग वायर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून बांधायची तार, पिळण्याची त्यांची ती पक्कड सध्या माझ्या टेबलावर आहे आणि चाकांच्या तारा मी तिनेच वळवतो आहे. शेवटचे दार बसवल्यावर ती जागेवर लावीन.