मुलगी वर्गाच्या पुढे आहे. तिला एक इयत्ता गाळून वर बसवावे का?

दांडियाबाजारची आई

नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. आमची मुलगी आठ वर्षांची असून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत आहे. गणितात ती वर्गाच्या निदान दोन वर्षे पुढे आहे. तिची उदाहरणे सर्वांच्या आधी संपतात आणि मग तिला एकतर वह्या वाटायला सांगतात, नाहीतर त्याच प्रकारची आणखी वीस उदाहरणे देतात. मागच्या महिन्यात तिने वीसपैकी चौदा चुकवली. विचारल्यावर म्हणाली की बरोबर आली की आणखी वीस मिळतात.

तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर ६×६ = ३६, ५×७ = ३५; ८×८ = ६४, ७×९ = ६३ अशी रांग आहे आणि खाली ‘नेहमी एकच कमी का?’ असे लिहिले आहे. त्यावर ‘मागील पानावर लिहू नये’ असा लाल शाईतला शेरा आहे.

आता शाळेने तोंडी सुचवले आहे की वर्षअखेर चौथी गाळून तिला थेट पाचवीत बसवता येईल. पुण्याच्या आत्याबाई म्हणतात की आधी बुद्ध्यंक काढा आणि पाचवीला तिथल्या ज्ञान प्रबोधिनीत, म्हणजे विशेष हुशार मुलांच्या शाळेत, घाला. हस्ताक्षर, निबंध आणि खेळात हरल्यावरचे रडणे हे मात्र अगदी आठ वर्षांच्या मुलीचे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिक्षिका, वाडी

ताई, मी एकतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले आणि अशा मुलांच्या बाबतीत सुरुवातीला मीही तीच चूक केली, म्हणजे लवकर आटोपणाऱ्याला जास्त काम देण्याची. पुढे एक साधी पद्धत हाती लागली. धडा शिकवण्यापूर्वीच त्यावरचे दहा प्रश्न द्यायचे. ज्याला आठ-नऊ आले त्याला त्या धड्याच्या सरावातून सूट द्यायची आणि वाचलेल्या तासांत दुसरे, अधिक खोल काम द्यायचे. अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी हीच पद्धत शास्त्रशुद्ध मांडली आहे, हे मला फार उशिरा कळले. यासाठी ना वेगळी तुकडी लागते ना वेगळी शाळा, फक्त वर्गशिक्षिकेची तयारी लागते.

शेवटच्या पानावरचा प्रश्न वाचून मला आनंद झाला आणि शेरा वाचून वाईट वाटले. त्याचे उत्तर सांगू नका. रांगोळीचे सहा-सहा ठिपके सहा ओळींत काढून द्या आणि शेवटची ओळ पुसायला सांगा. पाच ओळी उरतील. पुसलेले सहा ठिपके त्या ओळींच्या टोकांना एकेक करून जोडायला सांगा. पाच बसतील, एक हातात राहील. तोच तिचा ‘एक’. मग ४×८ आणि ३×९ विचारा. तिथे अनुक्रमे चार आणि नऊ कमी पडतात, आणि १, ४, ९ पाहिल्यावर ती काय म्हणते ते मला अवश्य कळवा.

मानसशास्त्राचा विद्यार्थी, फतेहगंज

बुद्ध्यंकाबद्दल थोडे लिहितो. आपल्याकडे या वयासाठी कामत यांनी मराठी आणि कन्नड भाषांसाठी बेतलेली बिने चाचणी आणि मॅलिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी वापरतात. रेव्हन यांच्या रंगीत आकृत्यांच्या चाचणीत भाषा जवळजवळ लागत नाही. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (सरासरीभोवतीची पसरण) १५ धरले तर १३० च्या वर साधारण दोन टक्के मुले येतात. आपली मुलगी घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि शाळेत इंग्रजी बोलते. तिची शाब्दिक चाचणी कोणत्या भाषेत झाली यावर आकडा हलू शकतो. म्हणून चाचणी करायचीच असेल तर ती शाळेशी बोलणी करताना हाताशी असावी एवढ्यासाठी करा, आणि प्रशिक्षित व्यक्तीकडूनच करा.

त्या आकड्याला किती मान द्यावा? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये कॅलिफोर्नियात उच्च बुद्ध्यंकाची मुले निवडायला घेतली. त्या निवडीत न बसलेल्यांपैकी विल्यम शॉकली यांना १९५६ मध्ये आणि लुईस अल्वारेझ यांना १९६८ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. बडोदेकरांना तर इतके लांब जायलाही नको. १८७५ मध्ये कवळाण्याहून बारा वर्षांचा गोपाळराव, म्हणजे पुढचे महाराज सयाजीराव गायकवाड, इथे आणला गेला तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. त्या दिवशी त्याची लेखी परीक्षा घेतली असती तर निकाल काय लागला असता हे सांगायला नको. सहा वर्षे कसून शिकवणी झाली, १८८१ मध्ये सयाजीरावांनी कारभार हाती घेतला आणि १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. (विषयांतर झाले, पण बडोद्यात राहून हे टाळणे कठीण आहे.)

धोरणाबद्दल सांगायचे तर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र परिच्छेद आहेत: शिक्षकांनी पूरक साहित्य व मार्गदर्शन द्यावे, विषयवार मंडळे असावीत, बी.एड.मध्ये या शिक्षणाचे विशेष प्रशिक्षण असावे. शाळेशी बोलताना तो भाग छापून सोबत न्यावा. ‘आमच्या मुलीसाठी काहीतरी करा’ म्हणण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो.

एक इयत्ता गाळलेला

मला तिसरीतून पाचवीत बसवले होते. शाळेचे नाव सांगत नाही. गणितात काहीच अडले नाही, उलट प्रथमच शिकण्यासारखे काही मिळाले, आणि ते सुख मी आजही नाकारणार नाही. परंतु चौथीत शिकवलेले निबंधलेखन आणि नकाशावाचन माझ्याकडून कायमचे सुटले, कारण ते सुटले आहे याची नोंद कोणीच घेतली नाही. खो-खोच्या संघात तर चार वर्षे मी राखीवच राहिलो. माझ्यापेक्षा वर्षाने मोठी, वीतभर उंच मुले मला वाईट वागवत नव्हती, ती मला सांभाळून घेत होती, आणि तेच मला अधिक लागत असे.

म्हणून माझा अनुभव विरोधात आहे असे समजू नका. जी मुले सर्वच विषयांत पुढे असतात आणि ज्यांना स्वतःला वर जायचे असते त्यांचे बहुधा चांगलेच होते. आपली मुलगी एका विषयात पुढे आहे. मग संपूर्ण इयत्ता कशाला गाळायची? फक्त गणिताच्या तासाला पाचवीत बसू द्यावे, एवढीच विनंती करून पाहा. वेळापत्रक जुळत नाही असे उत्तर येईल. तरी लेखी विचारा. आणि मुलीलाही विचारा, कारण मला कोणी विचारले नव्हते.

ज्ञान प्रबोधिनीविषयी: १९६२ ची संस्था आणि १९६९ ची प्रशाला, काम निःसंशय मोठे आहे. पण पाचवीच्या मुलीसाठी बडोद्याचे बिऱ्हाड पुण्याला हलवावे लागेल, हे आत्याबाईंना हळूच सांगावे.

दांडियाबाजारची आई

सर्वांचे मनापासून आभार. पाचवीत बसवायचे नाही असे ठरवले आहे; शाळेला लेखी पत्र दिले असून गणिताच्या तासापुरती व्यवस्था आणि धड्यापूर्वीची दहा प्रश्नांची चाचणी अशा दोनच गोष्टी मागितल्या आहेत. उत्तर अजून आलेले नाही. बुद्ध्यंकाचा विषय तूर्त बाजूला ठेवला आहे.

रविवारी ओट्यावर ठिपके मांडले. हातात उरलेला एक ठिपका पाहून ती इतकी हसली की सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. १, ४, ९ तिला लगेच दिसले. मात्र त्यानंतर तिने विचारले की ५×८ चे काय, कारण ‘पाच आणि आठच्या बरोबर मध्ये कोणीच उभे नाही’. दशांश अपूर्णांक तिला अजून येत नाहीत, आणि मला ते न वापरता समजावता येईना.

निवृत्त शिक्षिका, वाडी

दशांश नकोतच. मध्ये एक जण नसला तरी दोघे शेजारी उभे आहेत, सहा आणि सात. ६×७ पासून सुरुवात करा आणि ५×८, ४×९, ३×१० किती-कितीने कमी पडतात ते तिलाच लिहू द्या. २, ६, १२ येतील. हे आकडे कुठून आले ते विचारा, आणि यावेळी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहायला सांगा.