फेम्टोसेकंद पल्स आणि उष्णता: झेड-स्कॅनमध्ये तापमान धरायचं की सोडायचं?

प्रकाशवेडा: १०० फेम्टोसेकंदांची (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) लेसर पल्स गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकातून पार होते तेव्हा त्याच्या अणूंची जाळी तापायला सुरुवातही झालेली नसते. इलेक्ट्रॉनांना जादा ऊर्जा जाळीला द्यायलाच पिकोसेकंद (एक म्हणजे हजार फेम्टोसेकंद) लागतात. मग १५५० नॅनोमीटरच्या झेड-स्कॅनमध्ये (नमुना झोताच्या केंद्रबिंदूतून पुढे-मागे सरकवत छिद्रातून येणारा प्रकाश मोजायचा) उष्णतेचा एवढा बाऊ कशाला? आलेला वक्र केर परिणामाचा (प्रकाशाच्या तीव्रतेने अपवर्तनांक बदलणं) धरा आणि पुढे चला.

तापवाला: साफ असहमत. ही पल्स सुटली, पण पुढचीचं काय? ८० मेगाहर्ट्झच्या आवर्तनाला दोन पल्समध्ये १२.५ नॅनोसेकंद. झोताची त्रिज्या २० मायक्रॉन आणि उष्णतेचा विसरणांक (ती किती झपाट्याने पसरते) ०.३१ सेमी²/से. धरला, तर उष्णता बाजूला पांगायला साधारण ३ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात अडीचशे पल्स येऊन जातात! झोताचा मध्य आणि कड यांत ०.१ केल्विनचा फरक पडला, तरी अर्धा मिमी जाडीत प्रकाशतरंगाच्या कलेत (तरंग किती पुढे-मागे सरकला) ०.०५ रेडियनच्या आसपास फरक. शिवाय द्रव तापला की अपवर्तनांक घटतो, इथे बँडगॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी ऊर्जा) आकसतो आणि अपवर्तनांक वाढतो. म्हणजे तापलेल्या भागाचं औष्णिक भिंगही बहिर्गोल, वक्रात आधी दरी मग शिखर. या तरंगलांबीला केरही तसाच दिसतो. नुसता वक्र बघून काय ओळखणार?

प्रकाशवेडा: बरं, मग चॉपर (झोत अडवणारं-सोडणारं फिरतं पातं) लावा. पातं उघडल्यापासून सिग्नल वेळेनुसार नोंदवा आणि शून्य वेळेपर्यंत मागे न्या. झालं.

छिद्रान्वेषी: (झेड-स्कॅनवाल्याला दुसरं नाव शोभणार नाही.) काचेवरच्या पातळ थराला चालेल, तिथे उष्णता पांगायचा हाच काळ २०० मायक्रोसेकंदांच्या घरात जातो. इथे नाही. पात्याचा वेग ३० मी/से. आणि तिथे झोत अर्धा मिमी असेल, तर उघडायलाच १७ मायक्रोसेकंद. भिंग तोवर बरंचसं बनलेलं असतं. त्यापेक्षा पल्स पिकर (मोजक्याच पल्स पुढे सोडणारं उपकरण) लावा आणि पल्सची ऊर्जा तीच ठेवून १०० किलोहर्ट्झवर या. पिकरच्या स्फटिकात पल्स ताणली जाते, म्हणून ८० मेगाहर्ट्झ आणि १०० किलोहर्ट्झ या दोन्ही मोजमापांत तो वाटेतच ठेवा आणि पल्सची लांबी नमुन्यापाशी मोजा. नाहीतर शिखर घटेल लांबीमुळे, नाव उष्णतेचं होईल.

तापवाला: पिकरला माझं मत, पण घटलं ते सगळं उष्णतेचं असंही नाही. दोन फोटॉन शोषून तयार झालेले वाहक (मोकळे इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या रिकाम्या जागा) अपवर्तनांक उतरवतात, आणि त्यांचं आयुष्य १२.५ नॅनोसेकंदांहून जास्त असेल तर तेही साठतात. मग दोन्ही परिणाम एकमेकांना खातात. मधे १० मेगाहर्ट्झचं एक मोजमाप घ्या. आवर्तन कमी केल्यावर शिखर-दरीचा फरक उलट वाढला, तर आधी वाहक वरचढ होते.