सिल्व्हरचे अल्जिनेट बीड्स चौथ्या रनलाच विरघळतायत, काय करू?

पिवळा_बीकर:
एमएस्सीचा प्रोजेक्ट चालू आहे. सायट्रेट वापरून बनवलेले सिल्व्हर नॅनोपार्टिकल्स (चांदीचे अतिसूक्ष्म कण) सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळातलं, जेल बनवणारं द्रव्य) मिसळून सिरिंजने कॅल्शियम क्लोराईडमध्ये थेंब थेंब सोडले, मस्त गोल बीड्स झाले. मग सिल्व्हर कॅटॅलिस्ट म्हणून कसं चालतं ते बघायला पॅरा-नायट्रोफिनॉल + सोडियम बोरोहायड्राईडची रिअॅक्शन, पिवळा रंग गेला की एक रन संपला, बीड्स गाळायचे, फॉस्फेट बफरने धुवायचे, परत वापरायचे. तिसऱ्या रनला जास्त भिजलेल्या साबुदाण्यासारखे लिबलिबीत होतात आणि चौथ्याला बीकरमध्ये नुसती पेज. परत वापरता यावं म्हणूनच तर जेलमध्ये घातले होते ना!! गाईड म्हणतात सिल्व्हर खराब, नवीन बनव.

जुना_लॅबवाला:
सिल्व्हरने काय घोडं मारलंय? फॉस्फेट बफर आधी बंद करा. अल्जिनेटच्या साखळ्या कॅल्शियमने धरून ठेवलेल्या असतात, फॉस्फेट तोच ओढून घेतं, सायट्रेटही तेच करतं म्हणून पार्टिकल्स सेंट्रिफ्यूज करून धुवून मगच मिसळा, आणि बोरोहायड्राईड भरमसाट घातलं की त्यातला सोडियम कॅल्शियमच्या जागी घुसतो ते वेगळंच. दोन रनच्या मध्ये पातळ कॅल्शियम नायट्रेटमध्ये बुडवून ठेवा. क्लोराईड नको, जरा जरी सिल्व्हर आयन सुटले की सिल्व्हर क्लोराईड बसतं. मी एकदा बीड्स तसेच सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकले होते, पांढरं दही झालं होतं 😅

थंडगार:
त्यात बोरोहायड्राईडमधून हायड्रोजनचे बुडबुडे येतात ते बीड्सच्या आत अडकून बीड्स तरंगतात, तडकतात पण. अल्जिनेटऐवजी पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) फ्रीज-थॉ करून बघ, गोठवायचं वितळवायचं असं तीन-चार वेळा, कॅल्शियमची भानगडच नाही. फक्त बीड्स बारीक ठेव, मोठ्या बीडमध्ये नायट्रोफिनॉल आत पोचेपर्यंत वेळ जातो, रिअॅक्शन रेंगाळते.

जुना_लॅबवाला:
अजून एक, पाच रन ९५ टक्के कन्व्हर्जन (किती नायट्रोफिनॉल बदललं) वगैरे बार चार्ट लावू नका, भरपूर वेळ दिला तर अर्धमेला कॅटॅलिस्टपण ९५ दाखवतो. दर रनचा रेट कॉन्स्टंट (रिअॅक्शन किती वेगाने होते तो आकडा) काढा. आणि अर्ध्यात बीड्स बाहेर काढून बघा, तरी रंग उतरतच राहिला तर सिल्व्हर पाण्यात सुटलंय. यूव्हीवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) मात्र जपून, नायट्रोफिनॉलेटचा (नायट्रोफिनॉलचं पिवळं रूप) पीक ४०० नॅनोमीटरला आणि सिल्व्हरचाही तिथेच आसपास!

पिवळा_बीकर:
अरे देवा, म्हणजे शेवटी राहणारा फिकट पिवळा सिल्व्हरचा असू शकतो?? मी तो नायट्रोफिनॉल धरून कन्व्हर्जन कमी लिहीत होतो. तुलनेसाठी बिनसिल्व्हरचे बीड्सपण कधी लावून बघितले नाहीत. सोमवारी आधी तेच करतो, गाईडना नंतर सांगतो.