घरात बंदूक आहे याबद्दल कृतज्ञता वाटते, हे आईला कसं समजावू?

अम्मत्तीची सून

नमस्कार मंडळी. माझं माहेर सांगली. सासर कर्नाटकात, कोडगू जिल्ह्यात विराजपेटच्या बाजूला. नवरा कोडव, म्हणजे इथल्या मूळ समाजातला. आमची कॉफी आहे, झाडांवर मिरीचे वेल चढवलेत, खालच्या अंगाला थोडं भात. मुलगी चौथीत आहे.

३ सप्टेंबरला आमच्याकडे कैलपोळ्द असतो, हत्यारांचा सण. जुन्या काळी भातलावणीच्या दिवसांत शिकार बंद असायची आणि हत्यारं देवघरात ठेवून द्यायचे. लावणी उरकली की ती बाहेर काढून, पुसून, तेल देऊन मांडायची. आजही मांडतात. पीचे कत्ती (कमरेची कट्यार), ओडी कत्ती (रुंद पात्याचा कोयता) आणि बंदुका. नळीत कळलावीचं लाल-पिवळं फूल खोचतात, गंध लावतात, दिवा लावतात. मग घरातले वडीलधारे बंदूक उचलून पुढच्या पिढीच्या हातात देतात. त्यानंतर पंदी करी (डुकराचं मटण), कडंबुट्टू म्हणजे तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे, आणि दुपारी मैदानावर नारळ टांगून नेमबाजी.

यंदा आई-पप्पा सणाला आले होते. सासऱ्यांनी दुनळी बंदूक मधून उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याचं सगळ्यांना दाखवलं आणि माझी मुलगी त्यांच्याशेजारी बसून फडक्याने दस्ता पुसू लागली. आईचा चेहराच उतरला. पप्पांनी नवऱ्याला विचारलं, परवाना दाखवा बघू. परवाना नसतोच, सवलतपत्र असतं, असं त्याने सांगितल्यावर ते गप्प झाले, पण पटलं नाही हे दिसत होतं. रात्री आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीला इथं वाढवू नको गं."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. १८३४ मध्ये इंग्रजांनी कोडगू खालसा केलं. १८५७ नंतर देशभर लोकांची हत्यारं काढून घेणं चालू होतं, तेव्हा १८६१ मध्ये आयुक्त मार्क कब्बन यांनी कोडवांना त्यातून वगळलं. ती सवलत १९५९च्या शस्त्र कायद्यातही राहिली. त्याचं कलम ४१ केंद्र सरकारला अशी सूट द्यायचा अधिकार देतं. कोडव समाजातली प्रत्येक व्यक्ती आणि कोडगूतला प्रत्येक जम्मा (वंशपरंपरेने चालत आलेल्या हक्काची जमीन) जमीनधारक यांना परवान्याशिवाय बंदूक बाळगता येते. जम्माधारकांत कोडवांखेरीज इतर समाजही येतात. सूट अमर्याद नाही. बंदुकीची नोंद जिल्हाधिकाऱ्यांच्या कचेरीत असते आणि अटी असतात. सध्याची अधिसूचना २०१९ची, मुदत ऑक्टोबर २०२९ अखेर. वंश आणि जमीन बघून सूट देणं भेदभावाचं आहे, असं म्हणणारी याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली.

माझ्या नावावर काहीच नाही, मी जन्माने कोडव नाही. तरी दर कैलपोळ्दला माझा ऊर भरून येतो. देशात इतर कुणालाही बंदूक हवी असेल तर आधी गरज सिद्ध करावी लागते, सरकारने हो म्हणेपर्यंत थांबावं लागतं. इथे एका अख्ख्या समाजाला सांगितलं गेलं की तुमच्यावर भरवसा आहे. तो भरवसा इथली माणसं दीडशेहून जास्त वर्षं सांभाळत आली आहेत. अशा घरात आपण आलो याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

इथे मुलगा जन्मला की अंगणात एक बार काढतात. कुणी गेलं की लागोपाठ दोन. आजेसासरे गेले तेव्हा ऐन आषाढ होता, वीज नव्हती, फोनला रेंज नव्हती. सासऱ्यांनी दोन बार काढले आणि कुणालाही निरोप न धाडता चढावरच्या घरांतून माणसं कंदील घेऊन यायला लागली. माझी मुलगी झाली तेव्हाही सासऱ्यांनी बार काढला. रीत मुलाची, पण ते म्हणाले, नात आली हे डोंगराला कळायला नको का? 

आईला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणते, गोष्टी छान आहेत, पण बंदूक ती बंदूक. तिला काय सांगू? आणि तुमच्यापैकी कुणाच्या घरी बंदूक आहे का? तुम्हाला कधी असं वाटतं का?

काजूवाला_कुडाळ

आमच्याकडे आहे. शेतीसंरक्षण परवान्यावरची, आजोबांची ठासणीची. आजोबांनंतर वडिलांच्या नावावर झाली, आता माझ्या. कागदपत्रं, पोलीस चौकशी, तहसील, जिल्हाधिकारी कार्यालय असं सगळं करून वारसाने परवाना मिळायला खूप फेऱ्या झाल्या.

तुमच्या आईंना एकदा आमच्या बागेत पाठवा. रानडुकरं एका रात्रीत सुरणाची, कणगरांची खाचरं उलटीपालटी करतात. लाल तोंडाची माकडं कोवळे नारळ पाडतात आणि एक चावा घेऊन टाकून देतात. मी डुकराला मारत नाही, वन्यजीव कायदा आहे. हवेत नुसता बार काढला तरी त्या रात्रीपुरता कळप पलीकडे जातो. फटाक्यांना ती आता सरावली आहेत. ज्याच्याकडे बंदूक नाही तो शेजारी रात्रभर डबे बडवतो.

निवडणूक आली की पोलीस ठाण्यात बंदूक जमा. लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये येते, तेव्हाच काजू आणि आंबा. सरसकट सगळ्यांची जमा करू नयेत, म्हणून जिल्ह्यात छाननी समिती असते, पण अर्ज वेळेत गेला तर उपयोग. पावती खिशात ठेवून मी बागेत राखण करतो. त्यामुळे तुमची कृतज्ञता मला कळते. हातातून काही दिवस गेली की तिची किंमत समजते.

कॅज्युअल्टीतली

मी डॉक्टर आहे, रात्रपाळ्या करते. तुमचं लिहिणं आवडलं, पण मी तुमच्या आईच्या बाजूने आहे.

घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. मनातली ती लाट बहुतेकदा थोड्या वेळाने ओसरते. हाताशी औषधाच्या गोळ्यांची पाकिटं असतील तर पुष्कळांना वाचवता येतं, बंदुकीच्या बाबतीत ती संधी जवळजवळ मिळत नाही. दुसरी भीती मुलांची. तुमच्या मुलीला शिस्त आहे, पण तिच्याकडे खेळायला येणाऱ्या मैत्रिणीला आहे का?

आणि हवेत बार काढणं. लग्नात हौसेने गोळी झाडून माणसं मेलेली आहेत, म्हणूनच २०१९च्या दुरुस्तीत अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलेत. वर गेलेली गोळी खाली येतेच. कृतज्ञता जरूर बाळगा, पण कुलूप कुठे आहे ते आधी सांगा.

पेनसिल्व्हेनियाहून

इथे चित्र अगदी उलटं आहे म्हणून लिहितो. मी एच-१बी, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलो तेव्हा बंदूक घेता येत नव्हती. तात्पुरत्या व्हिसावाल्यांना फेडरल कायद्याने मनाई आहे, शिकारीचा परवाना असणं यासारखे अपवाद सोडून. ग्रीन कार्ड झाल्यावर दुकानात गेलो, बंदूक खरेदीचा ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, दुकानदाराने राज्य पोलिसांकडून तपासणी करून घेतली आणि रायफल हातात मिळाली. का हवी, असं कुणीही विचारलं नाही. कोल्हापूरच्या माणसाला याची सवय व्हायला वेळ लागतो.

इथल्या खेड्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतर (नोव्हेंबर अखेरचा सण) लगेच येतो. पुष्कळ शाळा त्या सोमवारी बंद असतात. शेजारचे आजोबा जेवणाच्या टेबलावर प्रार्थनेत कुटुंबासाठी, पिकासाठी आणि या स्वातंत्र्यासाठी देवाचे आभार मानतात. पण सरकारचे कधीच मानत नाहीत! त्यांच्या लेखी हा हक्क सरकारने दिलेला नाही. १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीत तो लिहिलाय आणि २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो व्यक्तीचा हक्क ठरवला.

भारतातही हे व्हायची वेळ आली होती. १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत सदस्य ह. वि. कामतांनी तो घटनेत घालायची दुरुस्ती सुचवली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि ती नामंजूर झाली. म्हणून ताई, तुम्हाला एक विचारतो. तुमच्याकडची सूट दहा वर्षांच्या अधिसूचनेवर उभी आहे, उद्या दिल्लीने नूतनीकरण केलं नाही तर संपली. अशा गोष्टीबद्दल कृतज्ञता वाटणं आणि तिला स्वातंत्र्य म्हणणं, दोन्ही एकदम कसं जमतं?

अम्मत्तीची सून

सगळ्यांचे आभार. एकेकाला उत्तर देते.

डॉक्टरताई, कुलूप आहे. बंदुका लोखंडी कपाटात, काडतुसं वेगळ्या खोलीत, आणि काडतुसांची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. नवऱ्यालाही मागून घ्यावी लागते. मैत्रिणी येतात तेव्हा मधली खोली बंद असते. बार सासरेच काढतात, पाहुण्यांच्या हातात बंदूक जात नाही, पिऊन तर नाहीच. तुमचा वर गेलेल्या गोळीचा मुद्दा मी सासऱ्यांना वाचून दाखवला. अंगणात ते छऱ्याचंच काडतूस वापरतात, तेही उताराच्या, कॉफीच्या बाजूला. रायफल त्या कामाला कधी काढत नाहीत.

पण तुमचं पहिलं म्हणणं फार महत्त्वाचं आहे आणि ते इथल्या लोकांनाही कळतं. आमच्या ओक्कातले, म्हणजे कुळातले एक काका बायको गेल्यावर बोलेनासे झाले. जेवण सोडलं. तेव्हा सासरे आणि दोन पुतणे त्यांच्याकडे गेले आणि सरळ म्हणाले, अण्णा, बंदूक काही दिवस आम्ही नेतो. परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा केली, पावती काकांच्याच हातात दिली. काका रागावले नाहीत. मडिकेरीला डॉक्टरांकडे औषध चालू झालं. बंदूक परत कधी आणायची ते अजून ठरलेलं नाही आणि काकांनीही घाई केलेली नाही. बंदूक एकाच्या नावावर असली तरी तिच्यावर लक्ष अख्ख्या कुळाचं असतं. मला ज्याबद्दल कृतज्ञता वाटते त्यात हेही येतं, आणि आईला नेमकं हेच मी सांगितलं नव्हतं. तिला सण दिसला, हे दिसलं नाही.

काजूवाले दादा, इथे डुकरांपेक्षा हत्तींचा त्रास. फणस पिकला की कळप मळ्यात उतरतो. हत्तीपुढे बंदुकीचा काही उपयोग नाही आणि त्याला हात लावायची कुणाची इच्छाही नाही. कैलपोळ्दला पूजलेली बंदूक वर्षातले बहुतेक दिवस कपाटातच असते. पुत्तरीला, म्हणजे नव्या भाताच्या सणाला, पहिली पेंढी कापताना एक बार, की परत कपाटात.

आता पेनसिल्व्हेनियाच्या दादांना. कामतांच्या दुरुस्तीबद्दल मला माहीत नव्हतं. घरी सांगितलं तेव्हा सासरे म्हणाले, आंबेडकरांचं उत्तरही सांग. ते भाषण त्यांनी वाचलेलं आहे. आंबेडकर म्हणाले होते की व्यक्तीच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्कापेक्षा तिच्या शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर आपण भर द्यायला हवा. सासरे सैन्यातून निवृत्त झालेत, त्यामुळे ते त्यांना पटतं. इथे पुष्कळ घरांतलं कुणी ना कुणी लष्करात गेलेलं असतं. फील्ड मार्शल करिअप्पा आणि जनरल थिमय्या याच मातीतले.

तुमच्या शेजारच्या आजोबांना हक्क जन्मतःच मिळाला, म्हणून ते फक्त देवाचे आभार मानतात. आमची सूट माणसांनी माणसांवर टाकलेल्या भरवशावर चालते. ती काढून घेतली जाऊ शकते, म्हणूनच इथला कुणी मुलगा बंदूक घेऊन रस्त्यावर दादागिरी करायला गेला तर त्याच्या कुळातलेच आधी त्याला धरतात. उद्या एका घराने ती गमावली तर सगळ्यांची जाईल, हे लहान पोरालाही माहीत आहे. मला यात स्वातंत्र्य दिसतं. तुम्हाला दिसणार नाही कदाचित, तुमचं वेगळ्या जमिनीवर उभं आहे. २०२९ची काळजी मात्र आम्हाला आहेच. आत्तापासून घरोघरी नोंदी नीट करून घेणं चालू आहे. ज्यांचे वडील वारले त्यांच्या बंदुका मुलांच्या नावे करून घ्या, असं सासरे प्रत्येक लग्नात सांगत फिरतात.

कॅज्युअल्टीतली

काकांबद्दल वाचून बरं वाटलं. ही गोष्ट आईंना जरूर सांगा, आणि जमलं तर सासूबाईंच्या तोंडून. किल्ली त्यांच्याकडे असते ना? मग आईंशी त्यांनीच बोलावं.

अम्मत्तीची सून

हे मला सुचलंच नव्हतं. सासूबाईंना मराठी येत नाही, आईला कन्नड थोडं कळतं, सांगलीत शेजारी कन्नड बोलणारे होते. पुत्तरीला आईला परत बोलावलंय. पप्पा यायला तयार आहेत. आईने अजून हो म्हटलेलं नाही, पण फोनवर तिने स्वतःहून विचारलं, किल्ली रात्री कुठं ठेवतात गं?

काजूवाला_कुडाळ

त्या आल्या की इथे कळवा. आणि नारळावरच्या नेमबाजीत बाहेरच्यांना भाग घेऊ देतात का? आमच्याकडे नारळ भरपूर आहेत, नेमही बरा आहे.

अम्मत्तीची सून

देतात, बऱ्याच ठिकाणी खुला गट असतो. बंदूक आयोजकांची, तिथे त्यांचा माणूस शेजारी उभा असतो. बायकांचा गटही असतो. गेल्या वर्षी नणंदेने नारळ फोडला. या, नक्की या, उतरायला आमच्याकडेच.