दहावी सुरतची, बारावी मुंबईची: एमबीबीएसला राज्य कोटा मिळेल का?

नमस्कार मंडळी, माझ्या भाचीसाठी मदत हवी आहे. नीटचे गुण चांगले आहेत, पण अडचण वेगळीच आहे. तिचे वडील खासगी नोकरीसाठी सुरतला होते, त्यामुळे दहावी तिकडे झाली. बारावी इथे दादरला, आमच्याकडे राहून. डोमिसाईल महाराष्ट्राचं आहे, घरी बोलणं मराठीच.

सीईटी सेलच्या (राज्याची प्रवेशप्रक्रिया चालवणारं सरकारी कार्यालय) ८५ टक्के राज्य कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. बदलीवर गेलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना सवलत आहे. खासगी नोकरीवाल्यांच्या मुलांनी काय करायचं? केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची कॉलेजं आणि जेजे तिच्या डोळ्यांसमोर आहेत, आणि तिथे आता फक्त एमसीसीच्या (केंद्राची वैद्यकीय प्रवेश समिती) १५ टक्के अखिल भारतीय कोट्यातूनच शिरता येईल असं दिसतंय. तिथला कटऑफ फार वर जातो. मुलीचा काही दोष नसताना हे होतंय, याचं फार वाईट वाटतं.

असं कोणाच्या घरी झालंय का? गुजरातच्या कोट्यात बसते का, की बारावी इथली म्हणून तिथेही नाही? खासगी कॉलेजांच्या इन्स्टिट्यूशनल कोट्यात (बाहेरच्या राज्यातल्यांनाही खुल्या असलेल्या, जास्त फीच्या जागा) फी सोडून वर्षाला होस्टेल, मेस, डिपॉझिट धरून खरा खर्च किती येतो?

कृपया एजंटांचे नंबर देऊ नका. स्वतः प्रवेशप्रक्रियेतून गेलेल्या पालकांचा किंवा विद्यार्थ्यांचा अनुभव हवा आहे. पसंतीक्रम भरायची वेळ जवळ आली आहे.