इंकांच्या डोंगरात, सोबत्यांसह : आपले अनुभव

गेल्या मे महिन्यात आम्ही चार मैत्रिणी दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात, जुन्या इंका साम्राज्याच्या मुलखात, जाऊन आलो. सह्याद्रीतले गड पंचवीस वर्षे एकत्र पालथे घातल्यामुळे डोंगर आपल्या अंगवळणी पडला आहे, अशी आमची समजूत होती. परंतु कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटरवर आणि कुस्को शहर सुमारे ३,४०० मीटरवर, हा हिशेब शरीराने विमानतळावरच मांडला. आमच्यातल्या सर्वांत धडधाकट मैत्रिणीला रात्रभर उलट्या झाल्या. सकाळी ठरलेला कार्यक्रम बाजूला ठेवून आम्ही सगळ्या जणी तिच्यासह उरुबांबा नदीच्या खोऱ्यात, सुमारे २,८०० मीटरवरच्या ओयान्तायतांबो गावी उतरलो आणि दुसऱ्या दिवशी ती स्वतःहून जेवायला उठली.

तिच्यासाठी काढलेले ते दोन दिवस या प्रवासातले सर्वांत मोलाचे ठरले. गावावरच्या चढणीवर अपूर्ण राहिलेल्या सूर्यमंदिराच्या सहा प्रचंड गुलाबी शिळा एका ओळीत उभ्या आहेत आणि दोन शिळांमध्ये दगडाचीच अरुंद पट्टी अशी बसवली आहे की सांध्यावरून बोट फिरवले तरी नख अडकत नाही. या शिळांची खाण नदीपलीकडच्या डोंगरात आहे. तिथून आणताना वाटेतच राहून गेलेल्या दगडांना तिथले लोक ‘थकलेले दगड’ म्हणतात. आमची आजारी मैत्रीण अशाच एका दगडाला टेकून बराच वेळ बसली होती.

आपण कोणाबरोबर गेलात, काय पाहिलेत आणि सोबतीमुळे काय वेगळे दिसले, हे कृपया सविस्तर लिहावे.

नागपूरहून

आम्ही पाच मित्रांनी चार दिवसांची, सुमारे ४३ किलोमीटरची, माचू पिक्चू या इंका नगरीच्या अवशेषांपर्यंत जाणारी इंका पायवाट केली. दुसऱ्या दिवशीची वार्मिवान्युस्का खिंड सुमारे ४,२१५ मीटरवर आहे आणि तिथल्या दगडी पायऱ्या संपता संपत नाहीत. माझे गुडघे पहिल्याच तासात बोलू लागले. तेव्हा एका मित्राने सांगितले की, तीस पावले चालायचे, तीस श्वास घ्यायचे आणि पुढचे पुढे बघू. तो पायाने माझ्यापेक्षा कितीतरी चपळ, पण दुपारपर्यंत माझ्याच बरोबरीने आकडे मोजत राहिला. आमचे तंबू आणि भांडीकुंडी पाठीवर घेतलेले हमाल त्याच पायऱ्यांवरून झपझप पुढे जात होते. या वाटेवर दिवसाला पाचशेच माणसांना सोडतात आणि त्यात वाटाडे व हमालही धरलेले असतात, हे कळल्यावर मी त्या प्रत्येकाला वाट देताना थांबून नमस्कार करू लागलो. वाटेवरच्या विन्याय वायना या इंका अवशेषांपाशी उतरत्या पायऱ्यांच्या कडेने एकाखाली एक असलेली पाण्याची कुंडे आम्ही सर्वांत शेवटी पोहोचल्यामुळे जवळजवळ एकांतातच पाहिली.

टेक्सासमधून

मी स्थापत्य अभियंता आहे, त्यामुळे माचू पिक्चूला माझी नजर मंदिरांआधी पाण्याकडे गेली. १५व्या शतकात पाचाकुती या इंका सम्राटाच्या काळात डोंगराच्या चिंचोळ्या धारेवर वसवलेले हे ठिकाण. तिथे पाऊस भरपूर, उतार उभा, आणि तरीही ते खचलेले नाही. याचे मोठे श्रेय पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांना आहे, कारण त्यांच्या पोटात तळाशी मोठे दगड, वर खडी व वाळू आणि त्यावर माती असे थर आहेत आणि मुरलेले पाणी त्यांतून बिनबोभाट निघून जाते. झऱ्याचे पाणी दगडी पन्हाळीतून सोळा कुंडांमध्ये क्रमाने उतरवलेले आहे. माझ्याबरोबरची मैत्रीण संस्कृतची प्राध्यापक, तिने विचारले, “दारे वर अरुंद आणि खाली रुंद का?” मी भूकंपाचे उत्तर दिले. भिंती आत झुकलेल्या ठेवल्या आणि दारे-कोनाडे समलंब चौकोनी केले, की हादऱ्यात इमारत तग धरते. कुस्कोला परतल्यावर आम्ही कोरिकांचा पाहिले. या सूर्यमंदिरावर स्पॅनिश लोकांनी मठ उभारला, १९५०च्या भूकंपात मठाची मोठी पडझड झाली, खालच्या इंका भिंती मात्र उभ्याच राहिल्या. त्या भिंतीला हात लावून ती म्हणाली, “चुना नाही, लोखंड नाही, आपल्या हेमाडपंती देवळांसारखेच की!” तोपर्यंत ही तुलना माझ्या मनातही आली नव्हती आणि तिच्यामुळे मी यंदा सिन्नरचे गोंदेश्वर मंदिर पुन्हा नव्या नजरेने पाहून आलो.

ठाण्याहून

आमचा अनुभव लहान आहे, पण उपयोगी पडावा. इंका पायवाट दरवर्षी फेब्रुवारीत बंद ठेवतात, हे विमानाची तिकिटे काढून झाल्यावर आम्हांला कळले. आम्ही तिघे मित्र मग कुस्कोजवळच्या पिसाक गावच्या इंकाकालीन शेत-पायऱ्यांवर दोन दिवस भर धुक्यात हिंडलो. पावसाळ्यातल्या राजगडाची आठवण झाली. कृपया महिना आधी ठरवा.

कोल्हापूरहून

माचू पिक्चूची गर्दी नको असेल आणि सोबती कणखर असतील, तर चोकेकिराव या दुसऱ्या इंका अवशेषांकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. तिथे चालतच जावे लागते. आपुरिमाक नदीच्या घळीत हजार मीटरहून अधिक उतरायचे आणि पलीकडे तितकेच चढायचे. आम्ही सहा जण होतो. उतरताना एकाचा पाय मुरगळला, तेव्हा उरलेल्यांनी त्याचे ओझे वाटून घेतले आणि दोन दिवसांच्या वाटेला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अवशेषांच्या पश्चिम उतारावर आमच्याखेरीज कोणीही नव्हते. तिथल्या शेत-पायऱ्यांच्या करड्या भिंतींत पांढऱ्या दगडांनी लामा प्राण्यांच्या आकृती जडवल्या आहेत. एकीच्या पायापाशी तिचे पिल्लूही दिसते. लंगडणारा मित्र खालच्या पायरीवर बसून त्या मोजत होता. उन्हे कलली, दगडांची सावली लांबली, तरी त्याची मोजणी चालूच होती आणि कोणीही त्याला उठवले नाही.