स्पॉन्सर लीडचा आकडा लेखी मागतोय, काय करावं?

प्रश्न: बिझनेस टेक्नॉलॉजी इव्हेंटची स्पॉन्सरशिप विकताना किमान लीडची (पुढे ग्राहक होऊ शकतील अशा संपर्कांची) हमी द्यावी का?

उत्तर १: अजिबात नको. स्टॉलवर कोण थांबेल हे आयोजकाच्या हातात नसतं. त्याऐवजी मागच्या वेळची नोंदणी आणि प्रत्यक्ष हजेरी वेगवेगळी दाखवा, तीही हुद्द्यानुसार: आयटी प्रमुख किती, खरेदीवर सही करणारे किती, विक्रेते आणि सल्लागार किती. नोंदणीचा आकडा फुगतो तो याच शेवटच्या गटामुळे, आणि स्पॉन्सरला नेमके तेच नको असतात.

उत्तर २: आलेल्या सगळ्यांची सरसकट यादी स्पॉन्सरला द्यायचंही कबूल करू नका. नोंदणी फॉर्मवर माहिती स्पॉन्सरला देण्याच्या संमतीची वेगळी चौकट ठेवा, आधीच टिक केलेली नको. स्टॉलवर पाहुण्याचा बॅज स्कॅन करून त्याची माहिती नोंदवणाऱ्या बॅज स्कॅनरवर २-३ प्रश्न टाकून घ्या. नुसत्या नाव-ईमेलवरून सेल्सवाल्याला पुढे काहीच करता येत नाही.

उत्तर ३: पूर्ण पैसे इव्हेंटआधी घ्या, हे करारातच लिहा. नंतर वसुलीला दमछाक होते.